अडीचशेतला एक

"थांबव ते," संग्राम म्हणाला.

गौतमीने मान वर केली नाही. समोर पडद्यावर बत्तीस चौकोन होते, बहुतेक हिरवे. एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात चालणारे बत्तीस आभासी संगणक. प्रत्येकावर तीच तपासणी: फाइल लिहिता लिहिता मध्येच वीज तोडायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि लिहिलेलं जागेवर आहे का ते बघायचं. शहरातल्या झालाना भागातल्या या ऑफिसात फाइल सिस्टिम बनवत, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणारा कारभारी. तो भरवशाचा आहे की नाही हे बघणं हल्ली गौतमीचं काम.

"रिलीज सोमवारी आहे, सर. मशीन रिकामीच होती."

"मशीनचं नाही म्हणत मी. मागच्या वर्षीचा कोड कशाला तपासतेस? पुरलेलं मढं उकरून कुणाचं भलं झालंय?"

झालं. कुणीतरी चुगली केली होती तर.

मागच्या वर्षी वीज गेली आणि एका रक्तपेढीच्या नोंदी पुसल्या गेल्या. कुठल्या कपाटात कुठलं रक्त, काही कळेना. शोधाशोध होईपर्यंत एक बाळंतीण दगावली. इकडे ऑफिसात चौकशी बसायच्या आधीच शेषरावकाका उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी पाठवलं.

गौतमीला ते कधीच पटलं नाही. काका म्हणजे रेल्वे कॉलनीत तिच्या बाबांबरोबर लहानाचे मोठे झालेले. बाबा गेले, घरात कमावतं कुणी उरलं नाही, तेव्हा तिला इथे चिकटवलं ते काकांनी आणि बोट धरून कोड लिहायला शिकवलं तेही काकांनीच. एक ओळ चारदा वाचल्याशिवाय पुढे न सरकणारा माणूस. तो असा घोळ घालेल? छे. दुसऱ्याचं पाप या भोळ्या माणसाच्या गळ्यात मारलं होतं, दुसरं काय. आता काका शहराच्या दुसऱ्या टोकाला, सोडाला वस्तीत, दोन खोल्यांत पोरांना गणित शिकवत होते. गल्लीतले लोक त्यांच्याशी बोलायचे नाहीत.

तेव्हा खरं शोधायला कुणाला सवड नव्हती. दोष मोठा लबाड. दहाबारा वेळा वीज तोडावी तेव्हा एकदा तोंड दाखवायचा. कोडातला एक बदल नीट तपासायचा तर मशीनचे अकरा तास जायचे, आणि त्या काळातले बदल होते अडीचशे. आता तीच तपासणी बत्तीस ठिकाणी एकदम, वीस मिनिटांत. मधला बदल घ्यायचा. एक जरी चौकोन लाल झाला तर दोष तिथवर शिरलेला, नाहीतर त्याच्या पुढे. दर खेपेला निम्मे बदल गळायचे. जेवणाआधी तिने सुरू केलं होतं, आता आठ उरले होते. पडद्यावर नुसते क्रमांक. नाव शेवटी कळणार होतं.

संग्रामने शेजारची खुर्ची ओढली. त्या काळातला निम्मा कोड त्याचा, हे गौतमीला पाठ होतं.

"काकांनी माझ्याकडून शब्द घेतलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "हे कुणी उकरायचं नाही."

"का?"

"ते मी सांगायचं नाही, हाच शब्द."

"नाव तुमचं निघेल म्हणून भीती वाटते, सर?"

"माझं निघालं तर बरंच होईल, गौतमी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक बाई मेली, एक भला माणूस जिवंतपणी मेला, आणि याला बरं वाटतंय.

"मेल आपोआप जाणार आहे," ती म्हणाली. "नाव सापडलं की मालकांना, सगळ्या ऑफिसला, रक्तपेढीला. त्या बाईच्या नवऱ्यालासुद्धा. मध्ये कुणी हात घालू नये म्हणून पासवर्डही बदललाय."

संग्राम फोन घेऊन बाहेर गेला.

चार उरले. मग दोन. शेवटची वीस मिनिटं सुरू झाली आणि तिचा मोबाइल वाजला. शेषरावकाका.

"पोरी, बंद कर ते."

"संग्राम सरांनी फोन केला ना? काका, आजपासून मान वर करून चाला गल्लीत."

"मला मानबिन काही नको. सुखात आहे मी. तुझी आई कशी आहे?"

"आई बरी आहे. तुम्ही विषय बदलू नका."

"बंद होत असेल तर बघ ना, बाळा. काकाचं एवढं ऐक."

काका असे कधी कुणाला विनवत नसत. तिला भरून आलं. किती घाबरवून ठेवलं होतं या माणसाला.

"आता नाही थांबवणार, काका. पण तुम्ही काळजी करू नका. ज्याने केलं त्याला भोगू दे."

एकोणीस नंबरचा चौकोन लाल झाला. क्षणभराने आजूबाजूच्या टेबलांवर मोबाइल वाजू लागले, एकामागून एक. संग्राम दारात उभा होता. त्याने आपला मोबाइल उघडलासुद्धा नाही.

"गेला मेल," ती फोनवर म्हणाली.

पलीकडे काका रडत असल्याचं तिला ऐकू आलं. आनंदाने रडत असतील, असं म्हणून तिने मेल उघडला.

दोष बदल क्रमांक एकशे त्र्याहत्तरमध्ये शिरला होता. खाली तारीख होती, आणि तारखेखाली तिचं स्वतःचं नाव.