ओली घडी

घडीचा तंबू बसवलेल्या ट्रेलरचं झाकण उलटलं आणि आतून असा भपकारा आला की रेन्स्के दोन पावलं मागे सरली. तिचा नवरा योस्ट मात्र, जणू त्याला नाकच नव्हतं, ट्रेलरच्या कोपऱ्यांचे जॅक फिरवत राहिला.

तिनं कापडाची पहिली घडी ओढली. कापड कापडाला चिकटलं होतं. सुटताना ओला, चिकट आवाज झाला. आत काळे ठिपके, हिरवट डाग, शिवणींवर पांढरी लव. गादीला हात लागला तर बोटं बुळबुळीत झाली. तिनं ती गवताला पुसली. मग पुन्हा पुसली.

"ओला मिटलात!" शेजारच्या जागेवरचे म्हातारे बाउकेमा कॉफीचा कप घेऊन आलेच. नेदरलँड्समधल्या ड्रेंटच्या त्या कॅम्पवर कुणाचा तंबू उभा राहायला लागला की बघायला बोलवावं लागत नाही. "अहो बाई, घरी नेऊन अंगणात टांगायचा असतो आधी."

"टांगला होता. ऑगस्टमध्ये, तीन दिवस. चेनना मेणसुद्धा मीच लावलं."

त्यानंतर ट्रेलर एका शेतकऱ्याच्या कोठारात गेला तो आज सकाळीच गाडीला जोडून थेट इकडे आणला होता.

"कोठार गळलं असेल," योस्ट जॅककडे बघत म्हणाला.

"छे हो, वरचं आवरण खडखडीत कोरडं आहे," बाउकेमा उत्साहानं म्हणाले. मग त्यांनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि कॉफी गार होतेय असं काहीतरी पुटपुटत काढता पाय घेतला.

रेन्स्केनं खुंट्यांची पिशवी गवतावर उपडी केली. खुंट्यांबरोबर वाळू पडली, शिंपल्यांचे तुकडे पडले. ऑगस्टच्या सुट्टीत ते दोघं डोंगरात होते, समुद्राकाठी नव्हे.

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "तुझ्या ऑफिसचं ते तीन दिवसांचं शिबिर."

जॅकचा दांडा थांबला.

"पाऊस थांबलाच नाही गं," योस्ट म्हणाला.

बावीस वर्षांत या माणसानं एकदाही तंबू ओला ठेवला नव्हता. भर पावसात घरी आला तरी आधी तंबू टांगायचा, मग स्वतःचे बूट काढायचा. दुसऱ्यांना त्यावर प्रवचनं द्यायचा. ऑक्टोबरात तेवढा टांगला नाही, कारण अंगणात टांगला असता तर तिनं विचारलं असतं, हा कुठून आला भिजून. म्हणून तसाच ओला दडपून कोठारात सारला, आणि त्यानंतर सात महिने रोज तिच्यासमोर बसून पाव खाल्ला. आजही सकाळी शीळ घालत ट्रेलर जोडला. आत काय कुजतंय हे त्याला ठाऊक होतं, तरी ते उघडायला त्यानं तिला पुढे होऊ दिलं. रेन्स्केला बुरशीची आली त्याहून जास्त किळस त्या शिळेची आली.

तिनं वर पाहिलं. तंबूच्या दोन बाजूंना दोन बिछाने होते. डावा तिचा. उशाशी चष्मा ठेवायला तिनं हातानं शिवलेला छोटा खिसा होता.

"कुठल्या बाजूला झोपलात, तू आणि ती?"

"रेन्स्के, संपलंय ते. खरंच संपलंय. हे सगळं मी व्हिनेगरनं धुऊन काढतो, अगदी—"

"मी बाजू विचारली."

त्यानं हात पँटला पुसले.

"तुझ्या," तो म्हणाला. आणि एवढ्यावर गप्प बसवेना म्हणून समजावून सांगितलं, "माझ्या बाजूला गळत होतं."