तिसरी नोंद

"मामा, मरोळ येईपर्यंत तोंड उघडायचं नाही हां," मुलुंडच्या गोदामातून ट्रक बाहेर काढता काढता भीमराज म्हणाला. "महिन्याचा शेवटचा दिवस आहे. दोन नोंदी झाल्यात. तिसरी झाली की पंधरा दिवस घरी, बिनपगारी."

धोंडिरामने मुकाट्याने मान डोलावली. माल चढवायला-उतरवायला तो सहा वर्षं याच गाडीवर होता, आणि खरं तर त्या दोन्ही नोंदी त्याच्या नावावर पडायला हव्या होत्या.

समोरच्या काचेवर, आरशाशेजारी, आगपेटीएवढा कॅमेरा बसवला होता. ड्रायव्हरचे डोळे दोन सेकंद मिटलेले दिसले की तो किंचाळायचा आणि तिकडे ऑफिसात रश्मी मॅडमच्या पडद्यावर नोंद व्हायची: ड्रायव्हर झोपला. आता भीमराजचा चेहराच असा, की हसला की गाल वर चढायचे आणि डोळे त्यांत पार बुडून जायचे. दोन्ही नोंदी धोंडिरामच्या गोष्टी ऐकून हसतानाच्या. भीमराजने मॅडमना हे सांगूनही पाहिलं होतं.

"मग हसू नका ना," त्या म्हणाल्या होत्या. रागाने नव्हे, अगदी समजावून.

भांडुप गेलं, कांजूर गेलं. धोंडिरामने तोंडात लवंग धरली होती. पवईला तलावाच्या कडेला वाहतूक तुंबली, आणि लवंग संपली.

"रविवारी मढला गेलो होतो," तो म्हणाला. "शूटिंगच्या बंगल्यावर, सामान उतरवायला."

"मामा!"

"हसण्यासारखं काही नाही रे. दगडी खांब होता एक, हा एवढा. मी म्हटलं, चार माणसं लागतील, चौघांची मजुरी पडेल. शेठ कबूल झाला. उचलायला गेलो, तर थर्माकोलचा."

भीमराजचे गाल हलले. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मजुरी तर ठरलेली. मग काय, निघालो चौघंही कण्हत. मी सगळ्यात पुढे, 'मेलो, मेलो' करत. आणि तेवढ्यात समुद्रावरून आला वारा..."

गाल वर सरकले. भीमराजने भुवया कपाळात चढवल्या, पापण्या ताणून धरल्या. खाली तोंड हसत होतं आणि वर दोन डोळे टक्क उघडे, घुबडासारखे. कॅमेरा गप्प राहिला.

"जमलं की रे तुला!"

"सवय केलीय," भीमराज म्हणाला. "गेल्या मंगळवारी सोळा तास गाडीवर होतो ना, शेवटी शेवटी रस्तासुद्धा दिसत नव्हता मला. पण डोळे असेच ताणून धरले. एकही नोंद नाही. मॅडम म्हणाल्या, शाब्बास."

धोंडिरामने गोष्ट तिथेच सोडली. उरलेला रस्ता तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मरोळला गाळ्यासमोर गाडी लागली. भीमराजने किल्ली फिरवली. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला.

"हं, सांगा आता. वारा आला, मग?"

"मग काय! खांब उडाला, जाऊन अडकला माडाला. मागचे तिघं धावले त्याच्यामागे. मला कसं कळणार? वजनच नाही! मी आपला वाकून, रिकाम्या खांद्याने, 'मेलो, मेलो'... पार शेठच्या पायरीपर्यंत!"

भीमराज हसला. पोट धरून, स्टिअरिंगवर थापा मारत हसला. धोंडिरामलाही हसू फुटलं, पण भीमराजकडे बघितलं आणि ते मधेच थांबलं.

"अरे, बंद झालाय तो," तो हळूच म्हणाला.

"माहितीये ना, मामा," भीमराज हसत हसत म्हणाला. त्याचे डोळे टक्क उघडे होते, आणि त्यांतून पाणी वाहत होतं.