जरासा ओलसर

वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत मायाताई अठरा वर्षं उपटलेल्या दातांवर बाँडिंगचा चिकट द्रव लावून दातांचं सिमेंट चिकटवत होत्या. मशीन ते ओढून काढायचं, किती जोर लागला ते सांगायचं. सगळ्यात घट्ट जोड ताईंचाच. पण डिग्रीवाली रसिका आली आणि प्रयोगशाळेचे सर तिचंच कौतुक करू लागले. ताईंनी तिला सगळं शिकवलं. फक्त बाँडिंगआधी दात कोरडाठाक करायचा नाही, जरासा ओलसर ठेवायचा, एवढंच पोटात ठेवलं. आज रसिकानं सिमेंट चिकटवलेला दात मशीनवर चढला. आता निघेल, मग निघेल, म्हणून ताई बघत राहिल्या. आकडा त्यांच्या आकड्यापुढे गेला. दात तुटला, जोड शाबूत. “हे कसं जमवलंस गं?” सरांनी विचारलं. “दात ओलसर ठेवला. मायाताई ठेवतात ना, मी रोज बघते.” सर वळले. “छान शिकवलंत, ताई.” अठरा वर्षांतली पहिली शाबासकी ताईंच्या घशाखाली उतरेना.