चहाला उशीर का झाला

वीस मिनिटं झाली तरी चहा काही बाहेर येईना. पोह्यांच्या बशा केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. तनुजाला बघायला खुलताबादहून आलेल्या लक्ष्मीबाईंनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. त्यांचा शिवम पंख्याकडे बघत होता. पंखाही कसला, पाती मोजून घ्यावीत इतका निवांत.

तनुजाचे वडील काकासाहेब घामाघूम झाले होते. पोरीच्या हाताला लई चव आहे, हे त्यांनी चारदा सांगितलं होतं. तिनं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय, हे एकदाही नाही. मध्यस्थानं बजावलंच होतं, वायरीत हात घालणारी पोरगी म्हटल्यावर पाहुणे दारातूनच माघारी फिरतील. तनुजाला नोकरी करायची होती, पण पाच दुकानांनी पोरगी म्हणून नाही म्हटलं. शेवटी काकासाहेबांनीच निकाल लावला, हे स्थळ जमलं की सर्टिफिकेट पेटीत. बिचारीचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्यात पोहे झाले आणि गॅस संपला. शेजारची विजेची शेगडी आणली, तर पातेल्याला उकळी फुटेना.

"साधा चहा बी जमंना व्हय पोरीला?" लक्ष्मीबाई उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. काकासाहेब मागोमाग धावले.

तनुजा पदर खोचून, शेगडीला मीटर लावून उभी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडे मांडले होते. काकासाहेबांनी डोळ्यांनीच दटावलं. गप्प राहावं तर पोरगी बिनकामाची ठरणार, बोलावं तर स्थळ जाणार. तनुजा बोलली.

"चहा माझ्यामुळं नाय अडला, काकू. शेगडी दोन हजार वॅटची हाय. पण गल्लीभर कूलर सुरू झालेत, व्होल्टेज एकशे साठवर आलंय. करंट सहा अँपिअर. एकशे साठला सहानं भागलं की रेझिस्टन्स सव्वीस-सत्तावीस ओहम, म्हंजी कॉइल ठीक हाय. गुणलं की नऊशे साठ वॅट. निम्मी ताकद बी नाय. मग दुप्पट वेळ लागनारच."

लक्ष्मीबाईंनी कॅलेंडर निरखलं. "आन मोटार असली तर? माझ्या मसाला कांडपाच्या दोन मोटारी ह्या उन्हाळ्यात जळाल्या. मिस्त्री म्हनतो, नशीब."

"नशीब कसलं. मोटारीचं उलटं असतं. व्होल्टेज पडलं की ती करंट जास्त ओढती आन तापती. तशीच दामटली तर जळती."

लक्ष्मीबाई तडक बाहेर गेल्या. काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. आटोपलं सगळं, असंच त्यांना वाटलं.

चहा आला. लक्ष्मीबाईंनी बशीत ओतून सावकाश प्यायला. शिवमला राहवेना.

"आई, मग काय ठरलं?"

"लग्नाचं तुमचं तुमी बोला, घाई नाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि तनुजाकडे वळल्या. "पोरी, तुला हा पसंत नसला तरी चालंल. पन सोमवारी सकाळी मीटर घिऊन कांडपावर कामाला ये."