बँकॉकची शाल

“कोनी इश्वास ठेवनार नाही, पन बँकॉकच्या दुकानवाल्या बाईनं आपली शंभराची नोट घेतली!” लेकीसोबत परदेश पाहून अचलपूरला परतलेल्या नत्थुजींनी बायकोपुढे, मैनाबाईपुढे, शाल ठेवली. निघताना तिनं बजावलंच होतं, की तिथल्या दुकानातून सोता माझ्यासाठी काही आनजा, पोरीच्या हातून नाही.

“त्यायच्या नोटा मले उमजतच नव्हत्या. मंग आपली काढली. बाईनं नाकाले लावली, तुरीचा वास आला. म्हने, अमरावतीकडचे पाव्हने दिसता! सुट्टे नव्हते तं वरून चॉकलेट देल्लं.”

मैनाबाई नुसत्या शालीच्या दशा चाचपत होती.

“कावून हो, तिथं बी दशीले गाठ मारते?”

“मंग! तिकडची रीतच हाय तशी.”

“लबाड कुठचे! हे गाठ मीच मारून आली होती आपल्या परतवाड्याच्या दुकानात, दुसऱ्या कोनी नेऊ नये म्हनून,” शाल अंगभर लपेटून घेत मैनाबाई हसली. “बरं झालं तिथल्या नोटायले भेले तुमी. मले हेच पायजे होती.”