समोर एकाच व्यक्तीने बसावे

कुमुदिनीताई गेल्याला तीन वर्षं झाली, तरी मुरलीधरराव मयूर विहारचा फ्लॅट सोडून मुलाकडे डब्लिनला जायला तयार नव्हते. कारण एकच सांगायचे, "तुझी आई इथे एकटी पडेल."

शेवटी विक्रांतने त्यांना कसंबसं राजी केलं. पेन्शन रुपयांत, भाजी युरोत आणि लंडनच्या लेकीकडे गेलं की पौंड, म्हणून तिन्ही चलनं सांभाळणारी एक फक्त ऑनलाइन चालणारी बँकही निवडली.

"शाखाच नाही? मग माझी सही जुळत नाही, हे सांगणार कोण?" बाबांनी स्पीकरवरून विचारलं.

"सही लागतच नाही, बाबा. कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावायचे, बस."

"या वयात?"

तरी त्यांनी मिचकावले. मोबाईलवर सूचना आली : 'दोन चेहरे दिसत आहेत. कृपया समोर एकाच व्यक्तीने बसावे.' बाबांनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

"अच्छा, मागे आईचा फोटो असेल. तो उतरवा."

"तो कालच सामानात गेला रे. भिंत रिकामी आहे."

"मग परत करा. ही ॲप्स पण ना, यार!"

बाबांनी परत केलं. परत दोन चेहरे.

विक्रांत तिकडून बँकेला शिव्या घालत राहिला. बाबांनी मोबाईल हळूच पालथा ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले.



"म्हणजे येतेयस ना? मग शाल घे. तिकडे थंडी फार असते."