बायकांच्या बाजूचं हसू

यशयाने पडद्यावरच्या मडमेला "अगं भवाने" म्हणायला लावलं आणि सगळं थिएटर खदखदून हसलं.

युद्धामुळे नगरचा कॅम्प गोऱ्या सोल्जरांनी भरला होता. त्यांच्यासाठी विलायतेहून आलेले सिनेमे मग गावातल्या थिएटरात लागत. इंग्रजी कुणाला कळणार? म्हणून मालक दुपारच्या खेळाला आवाज बारीक करायचा आणि पडद्याशेजारी यशयाला उभं करायचा. एरवी यशया लष्करी कोठारात कारकून होता. वय पस्तिशीचं, लग्न राहून गेलेलं. इंग्रजी बरं होतं, जीभ त्याहून बरी.

या सिनेमात लंडनचा एक पाववाला होता आणि त्याच्याशी रोज भांडायला येणारी एक मास्तरीण. दोघं शेवटी लग्न करतात, एवढीच गोष्ट. पण यशयाच्या तोंडी पाववाला नगरी बोलायचा. मास्तरणीने पाव फेकून मारला की टांगेवाले शिट्ट्या वाजवत. दोघं जवळ आली की कर्जतहून कोर्टाच्या कामाला आलेले शेतकरी मान खाली घालून चोरून बघत. शनिवारी दुपारी तर बसायला जागा मिळत नसे.

रोझी दर शनिवारी यायची. तिसगावची मुलगी, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पडदे, चादरी शिवायला नुकतीच लागलेली. निळं पातळ नेसून ती बायकांच्या बाजूला, पुढेच बसायची. ती एकदम हसत नसे. आधी शेजारच्या बायकांकडे बघे, मग पदर तोंडाला लावून हसे. यशयाला ती अदब फार आवडली. दुसरी गोष्ट त्याला त्याहून आवडली. सगळे पडद्याकडे बघत असताना ती त्याच्याकडे बघायची.

एकदा दारात त्याने विचारलं, "आवडला का सिनेमा?" ती हसली आणि मान हलवली. ती रस्त्याला लागल्यावर त्याने मागून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

"भर रस्त्यात हाक मारल्यावर चांगल्या घरची पोर वळंल का?" दारावर तिकिटं फाडणारा सहादेव म्हणाला. "रीतीनं ईचार."

यशयाला रीतीनं विचारायचा धीर नव्हता. त्याच्याकडे धीर होता तो अंधारात, पडद्याशेजारी. पुढच्या शनिवारी पाववाला गुडघ्यावर बसला, तेव्हा यशयाने सिनेमातलं बोलणं सोडून दिलं.

"निळ्या पातळातल्या बाई," तो सावकाश म्हणाला, "दर शनिवारी मी तुम्हाला बघतो. मी साधा माणूस आहे. माझ्याशी संसार कराल का?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पुढच्या बायकांनी निळं पातळ हेरलं. एक खुसखुसली, दुसरी हसली, आणि हसू मागच्या बाकांपर्यंत पोचलं. रोझीने इकडेतिकडे पाहिलं. तीही हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

यशयाने उरलेला सिनेमा कसाबसा उरकला.

"हसायचं कारण काय होतं?" त्याने सहादेवला विचारलं. "नाही म्हणायचं होतं, तर मान खाली घालायची."

सहादेव फाटकी तिकिटं गोळा करू लागला.

आठवडाभर यशया कोठारात मान वर न करता बसला. शनिवारी तो दाढी करून, कोट घालून आला. रोझी त्याच जागेवर बसली होती, त्याच पातळात. त्या दिवशी लंडनची मास्तरीण तिसगावची झाली. दवाखान्यात शिवणकाम करू लागली. मास्तरीण पावाच्या दुकानात शिरली, तेव्हा यशया म्हणाला, "ही निळ्या पातळातली बाई बघा कुठं निघाली. सोल्जरांच्या बराकीमागं. दिवसा चादरी शिवते आणि संध्याकाळी त्यांच्यावरच निजते."

थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. शिट्ट्या थांबेनात. रोझीच्या शेजारची बाई पदर सावरून लांब सरकली, तिच्यापलीकडची उठूनच गेली. आणि रोझी हसत होती. सगळे टाळ्या पिटताहेत असं पाहून तिनेही टाळ्या पिटल्या.

"काय निर्लज्ज बाई आहे," यशया सहादेवला म्हणाला. त्याला बरं वाटत होतं.

"बास कर आता," सहादेव म्हणाला.

बाहेर टांगेवाल्यांनी तिला "काय बराकीवाली" म्हणून गाठलं. ती त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसली आणि चालू लागली. मग त्यांना अजून जोर चढला.

रविवारी ख्रिस्ती देवळातून यशया घरी आला, तर ओट्यावर एक म्हातारी बसली होती. शेजारी फडक्यात बांधलेली बोरं. फाटकाबाहेर, बाभळीखाली रोझी उभी होती.

"मी मार्था, रोझीची आई," म्हातारी म्हणाली. "सकाळच्या मोटारीनं आले तिसगावहून."

भांडण आलं, असं यशयाला वाटलं. "बसा," तो म्हणाला.

"बापमानूस न्हाई आमच्यात, म्हून मलाच ईचारावं लागतंय. तुमचं लगीन अजून व्हयाचंय, असं कळलं. माजी पोर तुमचं नाव काढती. आजवर कुना मानसाचं काढलं न्हाई तिनं."

यशयाने फाटकाकडे पाहिलं. रोझीने पटकन मान खाली घातली.

"काल..." तो ओट्याच्या कडेला टेकला. "कालचं तुम्हाला काही बोलली का ती?"

"बोलली की. काल तर लोक लईच खूश झाले, म्हनली." म्हातारीने बोरांचं फडकं त्याच्याकडे सरकवलं. "एक गोष्ट आदीच सांगते, मागून फसवलं म्हनू नका. मोठ्या तापात तिचे कान गेले. ढोल वाजला तरी कळत न्हाई. काम जाईल म्हून दवाखान्यात सांगितलं न्हाई, ल्वाकांचं तोंड बघून निभावून न्हेती. तुमचं तर एक अक्षर तिला कळत न्हाई, तिथं अंधार आसतो. पन मला म्हनली, आई, त्यो मानूस तोंड उघडतो आन् समदी मानसं हसाया लागत्यात. असा मानूस कुनाला वंगाळ बोलायचा न्हाई."